घोडा, दुःख आणि श्रोता : एका उपचाराचा पूर्वेतिहास

अंतोन चेखवची 'तोस्का' ही कथा १८८६ सालची. इंग्रजीत ती 'मिझरी' या नावाने ओळखली जाते आणि साहित्याच्या वर्गांतून अनेकदा शिकवली जाते. बर्फ पडत असलेल्या एका संध्याकाळी योना पोतापोव हा पीटर्सबर्गचा गाडीवान गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला आहे. त्याचा मुलगा त्याच आठवड्यात तापाने वारला आहे आणि ते त्याला कुणाला तरी सांगायचे आहे. गाडीत बसलेला लष्करी अधिकारी, दंगा करणारे तीन तरुण, एक दरवान, मुक्कामावरचा झोपाळू गाडीवान अशा एकेकाला तो सांगू पाहतो. कुणीच ऐकून घेत नाही. शेवटी रात्री तो तबेल्यात जातो आणि आपल्या घोडीला सारे काही सांगतो. कथा तिथेच संपते.

या शेवटाचे रूढ वाचन आपल्या परिचयाचे आहे. माणसांच्या जगात माणसाला श्रोता मिळत नाही, म्हणून त्याला जनावरापुढे बोलावे लागते. घोडी हे माणसांच्या निबरपणाचे माप आहे. हे वाचन चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्यात घोडीला स्वतःचे असे काही स्थान उरत नाही. तिच्या जागी भिंत असती, झाड असते, तरी अर्थ तोच राहिला असता. समोर घोडी होती याने खरोखर काही फरक पडतो काय? हा प्रश्न वाङ्मयाचा आहे तसाच इतिहासाचाही आहे. कारण आज अनेक देशांत युद्धावरून परतलेले सैनिक, अत्याचार सोसलेली मुले, व्यसनातून बाहेर पडू पाहणारी माणसे यांच्यासाठी घोड्यांच्या सहवासाचा उपयोग मानसोपचारात जाणीवपूर्वक केला जातो. तो काय आधारावर, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे. घोड्याने माणसाला बरे करण्याच्या कल्पनेला तीन अवस्थांतून जावे लागले. पहिल्या अवस्थेत घोडा हे वाहन होते, दुसरीत प्रतीक झाले, आणि तिसरीत तो घोडा म्हणून दिसू लागला. मनाच्या जखमेवरचा उपचार या तिसऱ्या अवस्थेतच शक्य झाला.

पहिल्या अवस्थेचा सर्वांत ठळक प्रतिनिधी म्हणजे सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य टॉमस सिडनहॅम (१६२४–१६८९). क्षयाच्या आणि त्या काळी 'हायपोकॉन्ड्रिया' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उदासीन, चिंताग्रस्त अवस्थेच्या रोग्यांना तो घोड्यावरून रपेट करायला सांगे. या उपायावर त्याचा विश्वास इतका होता, की हिवतापावर सिंकोनाची साल जशी गुणकारी तशी क्षयावर घोडेस्वारी, असे त्याचे मत होते. क्षयाच्या बाबतीत हे मत टिकले नाही, हे सांगायला नकोच. मात्र उदास मनाला घोड्याची पाठ मानवते, ही समजूत इंग्रजी साहित्यात पक्की रुजली. जोसेफ ॲडिसनने १७११ मध्ये 'स्पेक्टेटर'च्या ११५व्या अंकात व्यायामाविषयी लिहिताना सिडनहॅमचा दाखला देऊन घोडेस्वारीची शिफारस केली. या साऱ्या विचारात घोडा मात्र औषधाच्या बाटलीइतकाच निनावी आहे. त्याची चाल रोग्याचे शरीर हलवते, शरीर हलले की रक्त आणि प्राण खेळू लागतात, आणि मन हलके होते. घोड्याला काही वाटते की नाही, हा प्रश्नच इथे उद्भवत नाही.

तो प्रश्न त्याहून पुष्कळ आधी एका ग्रीक लेखकाने विचारला होता, हे इथे नमूद केले पाहिजे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफोनने अश्वविद्येवर एक छोटा ग्रंथ लिहिला. घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये आणि जबरदस्तीने करवून घेतलेल्या कामात डौल नसतो, हे त्याचे दोन मुख्य आग्रह. स्वतः सेनानी असलेल्या या माणसाला इतके कळले होते, की घोड्यापुढे उभे राहण्याआधी माणसाने स्वतःला सावरावे लागते. पुढच्या अश्वशिक्षकांनी हा उपदेश स्वाराच्या सोयीचा म्हणून जपला. त्यात माणसाच्याही शिक्षणाची बीजे आहेत हे ध्यानात यायला फार काळ जावा लागला.

एकोणिसाव्या शतकात वाहनाची बाजू उलटून पाहणारी एक लेखिका झाली. ॲना स्यूएलच्या घोट्यांना वयाच्या चौदाव्या वर्षी दुखापत झाली आणि तेव्हापासून तिला नीट चालता आले नाही. आयुष्यभर ती घोडागाडीवर अवलंबून राहिली. आजारपणात, अंथरुणाला खिळलेली असताना तिने 'ब्लॅक ब्यूटी' लिहिली. पुस्तक १८७७ मध्ये निघाले आणि १८७८ मध्ये तिचा मृत्यू झाला. ही कादंबरी घोड्याने स्वतः सांगितलेले आत्मचरित्र आहे. ज्या बाईला घोड्याने पाय दिले तिने घोड्याला वाचा दिली, असे म्हणता येईल. पुढे ती बालवाङ्मयाच्या कप्प्यात टाकली गेल्यामुळे आपण तिच्याकडे गंभीरपणे पाहत नाही. परंतु जखमी माणूस आणि राबणारा घोडा यांच्यातील नाते तिने त्या काळी ज्या स्पष्टपणे पाहिले, त्याला तोड नाही.

आता दुसऱ्या अवस्थेकडे येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी, पाच-सहा वर्षांच्या अंतराने, जर्मन भाषेच्या प्रदेशात दोन 'हान्स' प्रसिद्धीस आले. एक बर्लिनमधला घोडा आणि दुसरा व्हिएन्नातला मुलगा. दोघांच्या कहाण्या स्वतंत्रपणे पुष्कळांना ठाऊक असतात. त्या शेजारीशेजारी ठेवल्या की एका फाट्यावर आपण येऊन पोचतो.

व्हिएन्नाचा हान्स म्हणजे सिग्मंड फ्रॉइडने १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रकरणातील पाच वर्षांचा मुलगा. हान्स हे त्याला फ्रॉइडने दिलेले नाव. घोडा आपल्याला चावेल, या भीतीने तो रस्त्यावर जायला तयार नसे. प्रवासी गाडी ओढणारा एक थोराड घोडा कोसळताना त्याने पाहिला होता. फ्रॉइडने या भीतीचा अर्थ लावला तो असा, की मुलगा घाबरतो आहे ते आपल्या वडिलांना आणि घोडा हे त्यांचे बदली रूप आहे. या वाचनाचा साहित्यसमीक्षेवर किती खोल परिणाम झाला, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पण त्याची एक किंमत होती. ज्या क्षणी घोडा म्हणजे बाप ठरला, त्या क्षणी रस्त्यावर पाय झाडत पडलेला तो खरा घोडा दृष्टीआड झाला.

बर्लिनचा हान्स हा विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त गणितशिक्षकाचा घोडा. बेरीज-वजाबाकीच्या प्रश्नांची उत्तरे तो खूर आपटून देत असे. १९०४ मध्ये एका चौकशी समितीने त्यात लबाडी नसल्याचा निर्वाळा दिला. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने चिकाटीने प्रयोग केले आणि १९०७ मध्ये आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल किंवा घोड्याला तो दिसत नसेल, तर घोडा चुकत असे. घोडा गणित करीत नव्हता. तो माणसाला वाचत होता. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याच्या नकळत त्याच्या शरीरातला ताण सुटे, डोके किंचित हले, आणि तेवढ्या खुणेवर घोडा थांबे. विशेष म्हणजे ही गोष्ट कळल्यानंतरही त्या खुणा पूर्णपणे थांबवणे माणसांना जमेना.

जगाने याचा अर्थ असा घेतला, की घोड्याचे पितळ उघडे पडले. आजही मानसशास्त्रात 'क्लेव्हर हान्स' हे नाव प्रयोगातील फसगतीचा इशारा म्हणून घेतले जाते. आमच्या मते घोडे पेंड खाते ते इथेच. माणसाने घोड्यात माणसाची बुद्धी शोधली, ती सापडली नाही, म्हणून जे सापडले त्याकडे दुर्लक्ष केले. जे सापडले ते असे : ज्या गोष्टी माणसाला स्वतःच्या शरीराबद्दल ठाऊक नसतात, त्या घोड्याला दिसतात. व्हिएन्नात घोड्याचा अर्थ माणसाने लावला. बर्लिनमध्ये माणसाचा अर्थ घोड्याने लावला. विसाव्या शतकाने पहिल्या वाटेवर ग्रंथालये उभी केली आणि दुसरी वाट तळटीपेत टाकली. बर्लिनचा तो हान्स पुढे दुसऱ्याच्या मालकीचा झाला आणि १९१६ नंतर त्याची नोंदच सापडत नाही.

१९१६ हे साल महायुद्धाचे होते. त्या युद्धात मेलेल्या घोड्याखेचरांचा अंदाज सहसा ८० लाखांच्या घरात सांगितला जातो. युद्धाने मनावर होणाऱ्या आघाताला 'शेल शॉक' हे नाव वैद्यकीय नियतकालिकात १९१५ मध्ये मिळाले. घोड्यांच्या आघाताला कोणतेच नाव नव्हते. जे वाचले त्यांतले बरेचसे परदेशातच विकले गेले. डॉरथी ब्रुक ही इंग्रज बाई १९३० मध्ये कैरोला आली तेव्हा तिला ब्रिटिश सैन्यातले म्हातारे, हाडे निघालेले घोडे तिथल्या रस्त्यांवर ओझी ओढताना आढळले. तिने १९३१ मध्ये लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'ला पत्र लिहिले, लोकांनी पैसे पाठवले, आणि १९३४ मध्ये कैरोत या युद्धाश्वांच्या स्मरणार्थ इस्पितळ उभे राहिले. विकत घेतलेल्यांपैकी बहुतेक घोडे इतके खंगलेले होते, की त्यांना वेदनारहित मरण देणे एवढाच उपचार शिल्लक होता. माणूस आणि घोडा एकाच युद्धातून जखमी होऊन येतात, हे सत्य या इस्पितळाने प्रथमच दगडविटांत मांडले.

तिसऱ्या अवस्थेची सुरुवात मात्र शरीराच्या बाजूने झाली. डेन्मार्कच्या लिस हार्टेलला १९४४ मध्ये, गरोदर असताना, पोलिओ झाला आणि गुडघ्यांखाली पायांतले बळ कायमचे गेले. तरीही ती पुन्हा घोड्यावर बसली. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अश्वकौशल्याच्या स्पर्धेत स्त्रियांना प्रथमच प्रवेश मिळाला होता. तिथे 'ज्युबिली' या आपल्या घोडीवर तिने रौप्यपदक मिळवले आणि १९५६ मध्ये पुन्हा एकदा. घोडीवर चढायला-उतरायला तिला मदत लागे. पायांच्या इशाऱ्यांवर चालणाऱ्या या खेळात तिने पाठीचा कणा आणि शरीराचा तोल यांनी संवाद साधला होता. तिच्या उदाहरणाने युरोपात अपंगांसाठी घोडेस्वारीची केंद्रे निघण्यास चालना मिळाली. १९६९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत त्यासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाल्या. चालत्या घोड्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाचे कंबरेचे हाड जवळजवळ पायी चालल्यासारखे हलते, हे भौतिकोपचारतज्ज्ञांच्या ध्यानात आले. सिडनहॅमच्या अंदाजाला अशा रीतीने तीनशे वर्षांनी एक नेमके कारण मिळाले. त्याचबरोबर केंद्रांवरच्या लोकांना आणखी एक गोष्ट दिसू लागली : येणाऱ्यांचे स्नायूच नव्हे, स्वभावही सैलावत होता.

मनाच्या जखमेकडे वळताना अमेरिकेतील एक तारीख महत्त्वाची आहे. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, आघातोत्तर तणावविकृती या निदानाला तिथल्या मनोविकारांच्या अधिकृत सूचीत स्थान मिळाले. त्या युद्धातल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे या मनोविकारतज्ज्ञाने १९९४ मध्ये 'अकिलीज इन व्हिएतनाम' हा ग्रंथ लिहून होमरच्या 'इलियड'च्या आधाराने सैनिकाच्या मनाची मोडतोड समजावून दिली. त्या महाकाव्याच्या सतराव्या सर्गात पॅट्रोक्लस पडल्यावर अकिलीजचे घोडे रणात थिजून उभे राहतात आणि रडतात, हे आपल्याला आठवेल. आपल्या परंपरेत न भरणाऱ्या जखमेचे नावच अश्वत्थामा आहे. जन्मताच तो उच्चैःश्रव्यासारखा खिंकाळला म्हणून त्याचे हे नाव पडले, असे आदिपर्व सांगते. झोपलेल्यांची हत्या करून तो कपाळीची भळभळती जखम घेऊन फिरतो आणि लोकसमजुतीप्रमाणे अजूनही नर्मदेकाठी तेल मागतो. आपण केलेल्या कृत्याची जखम औषधाने भरत नाही, हे व्यासांना आणि शे यांच्या रुग्णांना सारखेच ठाऊक होते. या दाखल्यांवरून घोड्याचा उपचार सिद्ध होतो असे आम्हांस सुचवायचे नाही. युद्ध, जखम आणि घोडा ही तीन चित्रे कवींनी फार पूर्वीपासून एकत्र पाहिली आहेत, इतकेच.

१९८६ पासून अमेरिकेतील कोलोरॅडोच्या तुरुंगात कैद्यांकडून रानटी घोड्यांना माणसाळवण्याचे काम सुरू झाले. १९९९ मध्ये घोड्यांच्या साहाय्याने मानसोपचार करणाऱ्यांची एक संघटना तिथे स्थापन झाली आणि तिने एक लक्षणीय नियम केला : घोड्यावर बसायचे नाही. सारे काम जमिनीवर उभे राहून. मानसोपचारतज्ज्ञ आणि घोड्यांचा जाणकार असे दोघे बरोबर असतात. खरारा करणे, म्होरकी घालणे, मोकळ्या रिंगणात घोड्याला आपल्यामागे यायला लावणे, एवढीच कामे. वाहन म्हणून असलेला घोडा इथे पूर्णपणे बाजूला पडला. मराठी वाचकाला यात एक ओळखीची खूण सापडेल. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोबत चालणाऱ्या दोन अश्वांपैकी एकावर कुणीच बसत नाही. तो माउलींचा अश्व. ती भक्ती आहे, उपचार नव्हे. परंतु पाठीवर कुणी नसलेल्या घोड्याकडे माणूस वेगळ्या नजरेने पाहतो, हे रिंगणात उभ्या राहिलेल्या कुणालाही कळेल.

या कामात घडते ते काय? घोडा हा भक्ष्य होणारा, कळपाने राहणारा प्राणी आहे. डोक्याच्या दोन बाजूंना असलेले डोळे, सतत फिरणारे कान, क्षणात चौखूर उधळण्याची तयारी, ही त्याची जगण्याची साधने. जवळ येणारा प्राणी शांत आहे की ताठरलेला, हे त्याला लवकर ओळखावेच लागते. ससेक्स विद्यापीठाच्या २०१६ मधील एका प्रयोगात २८ घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली, तेव्हा रागीट चेहऱ्यापुढे त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगाने वाढले. आता रणांगणावरून आलेल्या माणसाचा विचार करू. त्याचेही शरीर सतत कान टवकारून असते; खट्ट झाले की उधळते. तो तोंडाने 'मी बरा आहे' म्हणतो आणि माणसे ते मान्य करतात. घोडा मान्य करीत नाही. तो दोन पावले मागे सरतो. घोड्याला जवळ आणायचे तर श्वास खाली यावा लागतो, खांदे सैल व्हावे लागतात, आणि हे सोंग म्हणून करता येत नाही. बर्लिनच्या हान्सने जे सिद्ध केले होते ते हेच.

त्यानंतर उपचारतज्ज्ञ विचारतो, 'घोडा मागे का गेला असेल?' माणूस सांगू लागतो : घाबरला असेल, विश्वास बसत नसेल, पूर्वी कुणी मारले असेल. तो घोड्याविषयी बोलतो आणि बोलता बोलता आपले सांगतो. साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही अन्योक्ती ओळखू यायला हरकत नाही. फरक असा, की अन्योक्तीतला भ्रमर उत्तर देत नाही; रिंगणातला घोडा देतो. तो प्रतीक व्हायला तयार होतो, पण घोडा असणे सोडत नाही.

इथे थोडा संयम आवश्यक आहे. या उपचारासंबंधी जितका उत्साह आहे तितका पुरावा नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चिकित्सक आढाव्याने उपलब्ध अभ्यास सदोष असल्याचे आणि मनोविकारांवरील परिणाम सिद्ध झाला नसल्याचे स्पष्टपणे म्हटले. त्यानंतर कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी ६३ माजी सैनिकांना आठ आठवडे असा उपचार दिला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तणावविकृतीची आणि नैराश्याची लक्षणे घटली. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे श्रेय घोड्याचे किती आणि सोबतीचे, मोकळ्या हवेचे, काळाचे किती, हे त्यावरून ठरवता येत नाही. शिवाय हा उपचार खर्चिक आहे. आणि आणखी एक प्रश्न उरतोच : माणसाची अस्वस्थता दिवसभर वाचत राहणाऱ्या त्या घोड्याचे काय? कैरोच्या रस्त्यांवरचे घोडे आठवले तर हा प्रश्न भावुकपणाचा वाटू नये. आपल्या जखमा वाहून नेण्यासाठी माणसाने घोड्याला पुन्हा एकदा जुंपले, असे होऊ द्यायचे नसेल, तर घोड्याला रिंगणातून निघून जाण्याची मुभा हवी. ती मुभा आहे म्हणूनच त्याच्या जवळ येण्याला किंमत आहे.

या प्रकाशात 'तोस्का'चा शेवट पुन्हा वाचता येतो. योनाची घोडी रिंगणातली नाही. ती खुंट्याला बांधलेली, दिवसभर बर्फात उभी राहिलेली आहे. त्या दिवशी ओटपुरतीही कमाई झालेली नाही म्हणून ती वाळके गवत खाते आहे. तिला निघून जाण्याची मुभा नाही, हे चेखव विसरत नाही आणि आपणही विसरू नये. तरीही योना तिच्याशी बोलतो ते कसे, हे पाहण्यासारखे आहे. तुझे शिंगरू असते आणि ते अचानक गेले असते तर तुला दुःख झाले नसते का, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. संध्याकाळपासून ज्याच्या दुःखाची कुणी कल्पनाही केली नाही, तो माणूस दुसऱ्याच्या दुःखाची कल्पना करतो. त्या रात्री त्याच्या मनात काही बरे झालेच असेल, तर ते घोडीने ऐकले एवढ्यामुळे नव्हे. ती समोर होती, तिचा श्वास हातावर लागत होता, आणि तिला समजावे म्हणून त्याला आपल्या दुःखातून एक पाऊल बाहेर यावे लागले. भिंतीपुढे हे घडले नसते.